जुन्या अँड्रॉइड टॅबवर डेबियन: एसीपीआय टेबलात टचची नोंद आहे, पण ती चिपच टॅबमध्ये नाही

गंजगोलाई (लातूर)

नमस्कार मंडळी. इथल्या मार्केट यार्डात एका अडत दुकानासाठी सहा जुने ८ इंची टॅब काट्याचं वजन दाखवायला आणि काटापट्टी लिहायला लावायचे आहेत. प्रोसेसर इंटेल अ‍ॅटम झेड३७४५, म्हणजे बे ट्रेल, रॅम २ जीबी. मूळचं अँड्रॉइड काढून पाच टॅबवर डेबियन १२ हे लिनक्स टाकलंय (कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, ६.१), सहावा अजून अँड्रॉइडवरच आहे. ६४ बिटचा प्रोसेसर आणि ३२ बिटचं यूईएफआय (बूट करणारं फर्मवेअर) हा घोळ निस्तरला, बूट नीट होतं. पडदा, वायफाय, हबला लावलेला कीबोर्ड सगळं चालतं.

टच चालत नाही. बॅटरीची टक्केवारीही येत नाही. बूटच्या लॉगमध्ये सायलीड या टच-चिपच्या कंपनीचा ड्रायव्हर हेक्स ४० या पत्त्यावर -१२१ ही चूक देऊन थांबतो. डीएसडीटी (एसीपीआयचं, म्हणजे फर्मवेअर ओएसला हार्डवेअरची जी यादी देतं तिचं, मुख्य टेबल) उलगडून पाहिलं तर आयटूसी६ या बसच्या (छोट्या चिपा जोडणाऱ्या तारांच्या) खाली खरोखरच सायलीडच्या चिपची नोंद आहे आणि तिचं _एसटीए १५ देतं, म्हणजे 'हजर'. पण टॅब उघडला तर टचच्या पट्टीवरच्या चिपवर जीटी९११ असं छापलंय, म्हणजे गुडिक्स या दुसऱ्याच कंपनीची! डीएसडीटी दुरुस्त करून पूर्ण बदलून टाकावं का? की दुसरा मार्ग आहे?

पैठणगेट

डीएसडीटी पूर्ण बदलू नका, कारण खाली देतो. आधी हे असं का होतं ते.

विंडोजसाठी विकलेल्या यंत्रात एसीपीआय टेबल बरोबर असावंच लागतं, कारण विंडोजला हार्डवेअर दुसरीकडून कळत नाही. अँड्रॉइडसाठी विकलेल्या टॅबमध्ये तशी सक्ती नव्हती. टच कुठल्या पत्त्यावर, इंटरप्ट कुठल्या पिनवर, ही माहिती बनवणाऱ्याने आपल्या कर्नलातच कोरून ठेवली आणि फर्मवेअरमध्ये इंटेलच्या नमुना बोर्डाचं टेबल जवळपास जसंच्या तसं सोडून दिलं. त्यामुळे जे जोडलेलं नाही त्याची नोंद आहे आणि जे जोडलंय त्याची नाही. -१२१ चा अर्थ एवढाच, की हेक्स ४० वर हाक मारली आणि कुणी ओ दिली नाही. टेबल खोटं आहे, ड्रायव्हर बिचारा बरोबर आहे.

टेबलाला हात लावण्याआधी दोन गोष्टी बघा. बायोसच्या सेटअपमध्ये कधीकधी ओएस निवडायचा पर्याय असतो, विंडोज किंवा अँड्रॉइड. तो बदलला की काही नोंदींचं _एसटीए बदलतं, आणि क्वचित तेवढ्यानंच काम होतं. दुसरं म्हणजे कर्नलात 'एक्स८६-अँड्रॉइड-टॅबलेट्स' नावाचा मॉड्यूल आहे. हान्स द गुडे यांनी लिहिलेला, ५.१७ मध्ये म्हणजे मार्च २०२२ ला आलेला. ज्या टॅबचं टेबल भरवशाचं नाही त्यांच्या जोडण्या यात हाताने लिहिलेल्या आहेत. बूट फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलीत हा मॉड्यूल सुरू आहे का पाहा, मग मॉडइन्फो चालवा. त्यात डीएमआयने (फर्मवेअरमधली यंत्राची ओळख) सुरू होणाऱ्या ओळी येतील, त्यातली एखादी तुमच्या टॅबशी जुळते का बघा. जुळली तर नवं कर्नल टाकून विषय संपतो.

तुमच्या टॅबची डीएमआय नावं सिसएफएसच्या (कर्नल आपली माहिती दाखवतो त्या फाइलींच्या) क्लास, डीएमआय, आयडी या फोल्डरात आहेत. विक्रेता, उत्पादन, बोर्ड आणि बायोस आवृत्ती, चारही इथं टाका.

गंजगोलाई (लातूर)

बायोसमध्ये तसला पर्याय नाही. विक्रेता 'इंटेल कॉर्प.', उत्पादन 'व्हॅलीव्ह्यू सी० प्लॅटफॉर्म', बोर्ड 'बीवायटी-टी एफएफडी८'. मॉड्यूलच्या यादीत ही तीन नावं एका जागी दिसतात, पण तिथली बायोस आवृत्ती वेगळी आहे.

पैठणगेट

मग तो तुमचा टॅब नव्हे. ती तिन्ही नावं नमुना बोर्डाची आहेत, कुणी बदललीच नाहीत. म्हणूनच त्या यादीत बायोस आवृत्तीही सोबत तपासतात. नाव जुळतंय म्हणून ती नोंद जबरदस्तीने चालवू नका. तिच्यात चार्जरच्या आणि पॉवरच्या पिना आहेत, दुसऱ्याच्या जोडणीने त्या हलवणं महागात पडेल.

मांजराकाठ

सहावा टॅब अँड्रॉइडवर ठेवलाय हे फार बरं केलंत. तो पुसू नका, खरी जोडणी फक्त त्यालाच माहीत आहे. त्यातून एवढं काढून घ्या (रूट असेल तर सगळं मिळेल, नसेल तर निम्मं):

एडीबी (संगणकावरून अँड्रॉइडला आज्ञा द्यायचं साधन) शेलमधून 'गेटइव्हेंट -पी' चालवा, टचच्या उपकरणाचं नाव आणि एक्स-वायची कमाल मूल्यं येतात. मग सिसएफएसच्या बस, आयटूसी, डिव्हायसेस फोल्डराची यादी घ्या आणि प्रत्येकाची 'नेम' फाइल वाचा. तिथं '५-००१४' असं काही दिसेल, म्हणजे ५ क्रमांकाची बस, पत्ता हेक्स १४. त्यानंतर प्रॉकमधली इंटरप्ट्स फाइल: पडद्यावर बोट फिरवत दोनदा वाचा, ज्या ओळीचा आकडा भराभर वाढतो ती टचची. शेवटी डीबगएफएसमधली जीपीआयओ (प्रोसेसरच्या साध्या सिग्नल पिना) फाइल, म्हणजे रीसेटची पिन कळते.

आता दोन ठिकाणी माणसं हमखास चुकतात. एक, बसचा क्रमांक अँड्रॉइडमध्ये आणि डेबियनमध्ये सारखा असेलच असं नाही. डेबियनमध्ये त्या बसच्या फोल्डरातला फर्मवेअर नोडचा पाथ वाचा. तिथं \_एसबी_.आयटूसी६ असं एसीपीआयमधलं नाव मिळतं. तेच खरं, क्रमांक विसरा.

दोन, जीपीआयओचे आकडे. बे ट्रेलमध्ये जीपीआयओचे तीन गट आहेत: पहिल्यात १०२ पिना, दुसऱ्यात २८, तिसऱ्यात ४४. टेबलात ते जीपीओ०, जीपीओ१, जीपीओ२. अँड्रॉइडमध्ये हे ओळीने मोजलेले असले तर पहिला ०–१०१, दुसरा १०२–१२९, तिसरा १३०–१७३. जुन्या मुख्य कर्नलात ५१२ पासून उलटे मोजतात: ४१०–५११, ३८२–४०९, ३३८–३८१. म्हणजे अँड्रॉइडमध्ये १३३ दिसलेली पिन तशा कर्नलात ३४१ म्हणून दिसेल आणि दोन्ही म्हणजे जीपीओ२ ची ३ नंबरची पिन. जीपीआयओ फाइलीत प्रत्येक गटाच्या डोक्यावर त्याची हद्द छापलेली असते. आकड्यातून हद्दीचा पहिला आकडा वजा करायचा, जे उरेल ते टेबलात लिहायचं. १३३ तसाच लिहिला तर तुमच्या गटात तेवढ्या पिनाच नाहीत आणि ड्रायव्हर मुकाट मागं फिरतो.

गंजगोलाई (लातूर)

मिळालं. टच हेक्स १४ वर, एसीपीआय पाथ आयटूसी६. इंटरप्ट १३३. रीसेट ६०, जीपीआयओ फाइलीत नावासकट आहे. १३३ म्हणजे जीपीओ२ ची ३, ६० म्हणजे जीपीओ० ची ६०. बरोबर ना?

मांजराकाठ

बरोबर. आता डेबियनवर खात्री करा, की चिप तिथं आहे. आयटूसी-टूल्स टाका. गुडिक्सचे रजिस्टर पत्ते दोन बाइटचे असतात, त्यामुळे साध्या आयटूसीगेटने उत्तर येत नाही. आयटूसीट्रान्सफर वापरा: हेक्स १४ ला हेक्स ८१ आणि हेक्स ४० हे दोन बाइट लिहा आणि लगेच चार बाइट वाचा. ३९ ३१ ३१ ०० आलं तर ती एएस्कीमधली '९११' आहे.

काहीच आलं नाही तर हेक्स ५डी वर तेच करा. ही चिप रीसेट सुटताना इंटरप्टची तार कुठल्या पातळीवर आहे ते बघून पत्ता ठरवते. तार वर असेल तर १४, खाली असेल तर ५डी. अँड्रॉइड स्वतः रीसेट करून १४ निवडत असेल, पण डेबियनमध्ये अजून कुणी रीसेट केलेलंच नाही.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: सगळ्या बसवर आयटूसीडिटेक्ट फिरवत बसू नका. एका बसवर पॉवरची चिप बसलेली असते. बे ट्रेलमध्ये ती बस प्रोसेसरचा पॉवर विभागही वापरतो. तिथं चुकीचं काही लिहिलं गेलं तर टॅब गोठतो, व्होल्टेजचं रजिस्टर हललं तर त्याहून वाईट. ज्या बसवर, ज्या पत्त्यावर काम आहे तेवढंच वाचा. '-एफ' लावून ड्रायव्हरच्या हातातलं उपकरण वाचायचा मोहही टाळा.

गंजगोलाई (लातूर)

१४ वर उत्तर नाही, ५डी वर आलं: ३९ ३१ ३१ ००.

बालाघाटी

झकास. मग टेबलात १४ लिहिलं तरी चालेल. रीसेट आणि इंटरप्ट अशा दोन्ही पिना ड्रायव्हरच्या हाती असल्या की तो स्वतः रीसेट करून टेबलातल्या पत्त्यावर चिप आणतो. उलट पिना दिल्या नाहीत तर चिप ५डी वरच राहील आणि १४ वाली नोंद पुन्हा -१२१ देईल.

डीएसडीटी पूर्ण का बदलू नये, ते आता. डीएसडीटीत ऑपरेशन रीजनचे मेमरीतले पत्ते असतात. बायोस ते बूटच्या वेळी भरतो. रॅम, बायोस आवृत्ती, कधी सेटअपमधला एखादा पर्याय बदलला की ते सरकतात. तुम्ही एका टॅबवरून काढलेलं डीएसडीटी दुरुस्त करून दुसऱ्यावर लादलं, तर त्यातला जुना पत्ता तिथं भलत्याच मेमरीकडे बोट दाखवतो. बॅटरी वाचायला गेलेला कोड कुणाच्या तरी डेटावर लिहून येतो. असला दोष महिनाभराने उगवतो आणि सापडत नाही. शिवाय उलगडलेलं डीएसडीटी परत संकलित करताना आयएएसएल (एसीपीआय टेबलांचा संकलक) शंभर चुका काढतो, त्यातल्या निम्म्या तुमच्या नसतात.

म्हणून एक छोटं एसएसडीटी (डीएसडीटीला जोडलं जाणारं पूरक टेबल) वेगळं लिहा, त्यात फक्त नवी नोंद. त्यात काय काय असावं:

सुरुवातीला बाहेरच्या नावाची घोषणा: \_एसबी.आयटूसी६ हे उपकरण दुसऱ्या टेबलात आहे. त्याच्या स्कोपमध्ये नवं उपकरण, नाव चार अक्षरी आणि जुन्या खोट्या नोंदीपेक्षा वेगळं. तेच नाव दिलंत तर 'एई_ऑलरेडी_एक्झिस्ट्स' येऊन टेबल बसणारच नाही. _एचआयडी (उपकरणाची ओळख) मध्ये 'जीडीआयएक्स१००१', गुडिक्सचा ड्रायव्हर हे ओळखतो. _एसटीए १५ परत करतं. _सीआरएस (उपकरणाच्या जोडण्या) मध्ये तीनच नोंदी: आयटूसीची (पत्ता हेक्स १४, वेग ४०००००, ७ बिट, बसचा पूर्ण पाथ), मग इंटरप्टची (जीपीओ२, पिन ३, एज, अ‍ॅक्टिव्ह लो), मग रीसेटची साधी जीपीआयओ नोंद (जीपीओ०, पिन ६०).

इंटरप्ट आधी, रीसेट नंतर, आणि जीपीआयओच्या नोंदी दोनच. नावं नसली तरी या मांडणीवरून ड्रायव्हर कुठली कोणती ते ओळखतो. हौसेनं _डीएसडी (जादा गुणधर्मांची यादी) लिहून पिनांना नावं देऊ नका. तसं केलं की ड्रायव्हर समजतो हा एआरएमसारखा बोर्ड आहे आणि डिस्कवर गुडिक्सची कॉन्फिग फाइल शोधत बसतो. ती तुमच्याकडे नाही.

जुनी सायलीडची नोंद राहिली तर राहू द्या. तिचा ड्रायव्हर एकदा -१२१ म्हणून गप्प बसतो. एसएसडीटीतून तिचं _एसटीए शून्य करता आलं असतं, पण तिला आधीच _एसटीए आहे, आणि असलेलं नाव दुसऱ्यांदा ठेवता येत नाही.

आयएएसएलने संकलित केलं की .एएमएल फाइल मिळते. 'कर्नल/फर्मवेअर/एसीपीआय' असं फोल्डर बनवून त्यात ती ठेवा (अर्थात रोमनमध्ये, आणि सगळं लहान लिपीत). मग सीपीआयओने (फाइली एकत्र बांधायचं साधन) 'न्यूसी' प्रकारात बांधा. दाबायचं नाही, जीझिप-बीझिप काही नको, कर्नल हे इतक्या लवकर वाचतो की तेव्हा त्याला ते उघडता येत नाही. फाइल बूट फोल्डरात टाका, ग्रबच्या (बूटलोडरच्या) डिफॉल्ट फाइलीत 'ग्रब_अर्ली_इनिटआरडी_लिनक्स_कस्टम' समोर तिचं नाव लिहा, अपडेट-ग्रब चालवा. अर्ली म्हणजे ती मुख्य इनिटआरडीच्या (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींच्या गठ्ठ्याच्या) आधी लागते, हे आवश्यक आहे.

बूटनंतर लॉगमध्ये 'एसएसडीटी टेबल इनिटआरडीमध्ये सापडलं' या अर्थाची ओळ दिसायला हवी. नाही दिसली तर बहुधा फोल्डराचा पाथ चुकला; ओळ दिसूनही टेबल लागलं नाही तर सिक्युअर बूट सुरू आहे का बघा. सिक्युअर बूटने कर्नल कुलूपबंद असेल तर बाहेरचं टेबल तो घेत नाही.

गंजगोलाई (लातूर)

लागलं! टच चालतोय. फक्त डावं-उजवं उलटं आहे, डावीकडे टेकवलं की उजवीकडे पडतं. बॅटरीचं काय करायचं?

बालाघाटी

उलटं असेल तर टेबलाकडे जायची गरज नाही. यूडेव्हच्या (उपकरणं ओळखणाऱ्या सेवेच्या) नियमात 'लिबइनपुट_कॅलिब्रेशन_मॅट्रिक्स' ला '-१ ० १ ० १ ०' द्या. म्हणजे एक्स उलटा, वाय तसाच. टॅब काट्याच्या स्टँडवर उभा घट्ट बसणार असेल तर पडदा फिरवण्याच्या सेन्सरच्या नादी लागू नका. कर्नलच्या ओळीत पॅनेल ओरिएंटेशन ठरवून टाका, काम तेवढंच.

परभणी४३१

बॅटरीबद्दल मी वेगळं सांगतो, कारण टच बिघडला तर टच चालत नाही, बॅटरीत चुकलात तर फुगते.

बघण्यापुरतं वाचन सुरक्षित आहे. अँड्रॉइडवरच्या यादीत हेक्स ३६ वर मॅक्स१७०४७ दिसतो का पाहा (हेक्स ५५ असेल तर बीक्यू२७ मालिकेतला मापक). मॅक्स१७०४७ असेल तर रजिस्टर हेक्स ०६ दोन बाइटचं वाचा, वरचा बाइट म्हणजे सरळ टक्के. हेक्स ०९ मध्ये व्होल्टेज, प्रत्येक एककाला ७८.१२५ मायक्रोव्होल्ट. काटापट्टीच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात टक्केवारी दाखवायला एवढं पुरतं. ड्रायव्हर बांधायचा झाला तर त्या बसच्या 'न्यू_डिव्हाइस' फाइलीत नाव आणि पत्ता लिहून बांधता येतो. त्या मार्गाने इंटरप्ट देता येत नाही, पण बॅटरी मापकाला त्याची अडचण नाही, विचारलं की सांगतो. टचसाठी मात्र हा मार्ग नको.

चार्जरला हात लावू नका. हेक्स ६बी वर बहुधा बीक्यू२४१९० असेल. त्यात ४० सेकंदांचा वॉचडॉग असतो. ड्रायव्हरने हालचाल केली नाही तर चिप स्वतःच्या मूळ मूल्यांवर परत जाते: ४.२०८ व्होल्ट, २ अँपिअरच्या आसपास. म्हणजे ड्रायव्हर नसला तरी चार्जिंग होतंच. या टॅबच्या बॅटरीवर कमाल ४.३५ व्होल्ट छापलं असेल तर ती पूर्ण भरणार नाही, दहा-पंधरा टक्के रिकामी राहील. राहू द्या. दिवसभर चार्जरवर राहणाऱ्या बॅटरीला तेच बरं.

कोणीतरी सांगेल की टेबलात ४.३५ घाला, पूर्ण भरेल. लातुरात मे महिन्यात सावलीत ४२ अंश, यार्डात पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त. लिथियमच्या पेशी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायच्या नसतात. आणि तुमच्या टेबलात तापमापकाचीच माहिती नाही, मग थांबवणार कोण? त्यापेक्षा चार्जर दुपारी १२ ते ४ टायमरच्या सॉकेटवर बंद ठेवा.

गंजगोलाई (लातूर)

३६ वर मापक आहे, टक्के येताहेत. तीच सीपीआयओ फाइल बाकीच्या चार टॅबवर टाकली. दोन चालले. उरलेल्या दोनमध्ये एसएसडीटी लागतं पण गुडिक्सचा ड्रायव्हर -१२१ देतो. टॅब दिसायला एकसारखे, बायोस आवृत्तीही तीच.

मांजराकाठ

टचची काच बदललेली असेल, किंवा कारखान्यातच दुसऱ्या खेपेला दुसरी चिप लावली असेल. अँड्रॉइडच्या कर्नलात दोन-दोन टचचे ड्रायव्हर कोरलेले असतात, जो उत्तर देईल तो. त्या दोन टॅबवर आपलं एसएसडीटी काढून बूट करा, मग आयटूसी६ वर १४ आणि ५डी दोन्ही वाचा. दोन्हीकडे शांतता असेल तर ती गुडिक्स नव्हे. हेक्स ३८ वाचून पाहा, फोकलटेकच्या चिपा बहुधा तिथं असतात. आणि काच बदलताना पट्टी नीट बसली नाही, हे सगळ्यात साधं कारणही उघडून बघा.

पैठणगेट

आणखी एक. फोकलटेक निघाली तर दुसरं एसएसडीटी वेगळ्या फाइलीत ठेवा आणि त्या दोन टॅबवर तेवढंच टाका. दोन्ही नोंदी एकाच टेबलात कोंबू नका. दोन्ही एकाच इंटरप्ट पिनवर हक्क सांगतील आणि आधी पोचेल तो जिंकेल, तोही दर बूटला वेगळा.

पुढे कर्नलात पॅच पाठवायचा विचार असेल तर जोडणीची नोंद 'एक्स८६-अँड्रॉइड-टॅबलेट्स' मध्ये आणि आयटूसीच्या खोट्या नोंदी वगळायची नोंद एसीपीआयच्या एक्स८६ युटिल्समध्ये, अशा दोन जागी भर घालावी लागते. डीएमआयच्या तीन नावांसोबत बायोस आवृत्ती द्यायला विसरू नका, नाहीतर त्याच नमुना बोर्डाच्या दुसऱ्या टॅबवर तुमची जोडणी बसेल. पॅच घेतला गेला की ग्रबमधली ती ओळ काढा. वगळण्याच्या यादीत टॅब आला, की तुमच्या एसएसडीटीतली नोंदही कर्नल वगळतो.

गंजगोलाई (लातूर)

३८ वर उत्तर आलं. उद्या अँड्रॉइडच्या लॉगमध्ये दुसरा ड्रायव्हर दिसतो का बघून त्याच्या पिना टाकतो.